गोडबोले, गवत खाऊ नका

गजभिये काका कुत्र्यांना अहो-जाहो करत. माणसांनाही करत, पण तेव्हा त्यांचा आवाज थोडा कोरडा होई.

खराडीतल्या आमच्या सोसायटीत ते रोज सकाळी सहाला येरवड्याहून सायकलवर येत. पांढरा हाफ शर्ट, खाकी पँट, कॅनव्हासचे बूट. हँडलला एक पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, चेपलेला जर्मनचा वाडगा आणि जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं कशासाठी हे कुत्रा पाळणाऱ्यांना सांगायला नको. त्यासाठी ते आमच्या रद्दीतला इंग्रजी पेपरच मागून घेत. तो घडी न मोडलेला असतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

ते मूळचे भंडारा जिल्ह्यातले. तरुणपणी कामाच्या शोधात पुण्यात आले, महापालिकेच्या उद्यान खात्यात बिगारी म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. पहिली नेमणूक शनिवार पेठेतल्या एका चिमुकल्या बागेत होती. तिथे रोज संध्याकाळी दहा-बारा पेन्शनर येऊन बसत आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत एक चूक काढून घरी जात. गजभिये काका म्हणत, "गावाहून आलो तेव्हा मी फार गोड बोलायचो. त्या बागेत चार वर्षं काढली आणि बरा झालो."

कुत्री फिरवायच्या धंद्यात ते असेच शिरले. निवृत्तीनंतर ते आमच्या सोसायटीत लॉन लावून द्यायला आले होते. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक कुत्रा दिवसभर गोल गोल फिरताना त्यांना दिसला. तिसऱ्या दिवशी ते वर गेले, बेल वाजवली आणि घरातल्या बाईंना विचारलं, ह्यांना शिक्षा किती वर्षांची झाली आहे? बाई गोंधळल्या. काका म्हणाले, मी येरवड्यात राहतो, तिथल्या कैद्यांनासुद्धा रोज मोकळ्या हवेत काढतात. बाईंना राग आला. पण ती दोघंही नवरा-बायको आयटी पार्कमध्ये दहा-दहा तास काम करत होती, त्यामुळे राग दोन दिवसांत ओसरला आणि काकांना बोलावणं गेलं. वर्षभरात त्यांच्या हाताखाली सहा कुत्री झाली.

सहावा आमचा ब्रूनो. मुलीच्या हट्टापायी आणलेला बीगल. काका येणार म्हणून आम्ही त्याला आंघोळ घातली, त्याच्या लसींची फाइल काढून ठेवली. काकांनी ना ब्रूनोकडे पाहिलं ना फाइलकडे. त्यांनी माझी चौकशी सुरू केली. घरी किती वाजता येता? आल्यावर काय करता? रविवारी कुठे असता? मी तेव्हा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, लोकांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळत होता. पण त्या दिवशी मी नववीतल्या मुलासारखा उत्तरं देत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, कुत्रा कशासाठी घेतलात? मी म्हणालो, कुत्रा घरात असला की ताण कमी होतो असं वाचलं होतं.

"कोणाचा?" काकांनी विचारलं.

त्यांची अट एकच होती. रविवारी ते येणार नाहीत. त्या दिवशी घरातल्या माणसाने कुत्र्याला फिरवायचं. नोकराने नाही, ड्रायव्हरने नाही. सोमवारी सकाळी ते पट्टा हातात घेत, ब्रूनोच्या चालीकडे दोन मिनिटं बघत आणि मग मला विचारत, काल कुठे नेलं होतं? एकदा मी बोलून गेलो, पार्किंगपर्यंत. काका म्हणाले, हो, हेही तेच सांगत होते.

आता आडनावांचं. आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांची नावं ओरिओ, मोका, कुकी, ब्राउनी अशी होती. काकांना ती तोंडात घ्यायला जड जात. पहाटे उठून बेकरीतल्या बरण्यांना हाका मारल्यासारखं वाटतं, म्हणत. म्हणून ते प्रत्येकाला घरच्या आडनावाने हाक मारत. आडनाव घेतलं की शिस्त येते, हा त्यांचा उद्यान खात्यातला अनुभव होता. आमचा ब्रूनो पाटणकर झाला. "पाटणकर, सरळ चला. जोशीबाई, थांबा, पाटणकर मागे राहिलेत." कुत्री ऐकतही. ब्रूनो आमच्या घरात ब्रूनो म्हटल्यावर कान हलवायचा आणि पाटणकर म्हटल्यावर उठून उभा राहायचा. त्यामुळे माझ्या आईने मला आडनावाने चिडवलं की दोघंही हजर होत असू.

सोसायटीच्या मागे एकरभर मोकळी जागा होती. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या रंगीत पुस्तकात तिथे बाग, कारंजं आणि बाकावर बसलेलं एक गोरं आजी-आजोबांचं जोडपं छापलेलं होतं. प्रत्यक्षात तिथे सुबाभूळ, गाजरगवत आणि एक जुनं आंब्याचं झाड होतं. काका सहाही जणांना घेऊन तिथे जात. एके दिवशी आमचे चेअरमन गोडबोले कमिटीतल्या चार जणांना घेऊन ती जागा पाहायला गेले. पाहुण्यांच्या गाड्या तिथे लावता येतील का, असा त्यांचा विचार होता. गोडबोले बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, इस्त्रीशिवाय बनियनसुद्धा न घालणारे गृहस्थ. ते पार्किंगचं समजावून सांगत असताना झुडपामागून आवाज आला, "गोडबोले, गवत खाऊ नका. काल ओकलात ते विसरलात का?"

गोडबोल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात पुन्हा त्याच शांत आवाजात, "आणि जोशीबाईंच्या मागे मागे जाऊ नका. त्यांना ते आवडत नाही, हे तुम्हाला दोनदा सांगून झालंय."

कमिटीत एक जोशीबाई होत्याच. त्या तिथेच उभ्या होत्या. झुडपामागून आधी जोश्यांची ब्राउनी आली, तिच्या मागे गोडबोल्यांची शित्झू जातीची कुकी आणि मग सहा मोकळे पट्टे धरून काका. जोशीबाईंना हसू आवरेना. गोडबोले लालबुंद झाले आणि म्हणाले, हा प्रकार ताबडतोब बंद झाला पाहिजे, कुत्र्याला त्याच्या नावाने हाक मारा. काका म्हणाले, जरूर, पण एकदा कशी मारायची ते दाखवा. मोठ्याने मारा, ती जरा लांब गेली आहे. गोडबोल्यांनी आजूबाजूच्या चार जणांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि पार्किंगच्या विषयाकडे वळले. आपली कुकी मादी आहे आणि तिलाही अहो गोडबोले म्हटलं जातं, याचा खुलासा त्यांनी कधीच मागितला नाही.

त्यानंतर महिनाभराने लिफ्टमध्ये छापील पाटी लागली. पाळीव प्राणी, घरकाम करणारे, दूध व पेपर टाकणारे यांनी फक्त मालाची लिफ्ट वापरावी. मी ती पाटी दोन दिवस वाचत होतो. लिफ्टमध्ये किती किलो वजन चालतं हे जसं वाचतो, तसं. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

काकांनी ती उभं राहून एकदा वाचली आणि सोसायटीच्या ऑफिसात एक अर्ज दिला. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं. अर्जाची झेरॉक्स नंतर मी पाहिली. कुत्र्यासोबत असताना मी प्राणी या सदरात मोडतो की कामगार, याचा खुलासा व्हावा. तसेच पाटीत प्राण्यांचा उल्लेख आमच्या आधी आहे, तो ज्येष्ठतेनुसार आहे काय, हेही कळवावे. खुलासा होईपर्यंत मी कोणतीच लिफ्ट वापरू शकत नाही, तरी गैरसोयीबद्दल क्षमस्व.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते तळमजल्यावर थांबू लागले. मालकांनी कुत्रा खाली आणून द्यायचा आणि खाली येऊनच न्यायचा. सकाळी साडेसातला आमची अमेरिकेशी कामं चालायची. कानात हेडफोन, वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, अशा अवस्थेत आम्ही सहा जण तळमजल्यावर उभे असायचो. एकाचं प्रमोशनचं बोलणं चालू असताना ओरिओने पलीकडच्या साहेबावर भुंकून घेतलं. चौथ्या दिवशी पाटी निघाली. माफी वगैरे कोणी मागितली नाही, आणि काकांनीही विषय काढला नाही.

मीच एकदा विचारलं, राग आला होता का. ते पट्ट्यांची गाठ सोडवत होते. म्हणाले, "राग कसला? आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातलं बरंच काही सोडलं. पाटीवर लिहिलंय म्हणून मान खाली घालायची, ते पहिलं सोडलं." मग ब्रूनोकडे वळून, चला पाटणकर, म्हणाले. मीही दोन पावलं चाललो.

मोठी लढाई झाली ती मागच्या जागेवरून. एके सकाळी तिथे पत्रे लागले आणि बिल्डरच्या पुढच्या टॉवरचं चकचकीत सेल्स ऑफिस उभं राहू लागलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आग पेटली. कोणी कोर्टात जाऊ म्हणालं, कोणी उपोषणाचं काढलं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी लिहिलं की अशा भांडणांनी फ्लॅटच्या किमती पडतात. मग आग विझली आणि ग्रुपवर चांगल्या अळूवड्या कुठे मिळतात यावर चर्चा सुरू झाली.

काकांकडे साधा फोन होता. त्यांना यातलं काही कळलं नाही. ते महापालिकेत गेले, जुन्या ओळखीच्या कारकुनांसोबत चार चहा प्याले आणि मंजूर नकाशाची प्रत घेऊन आले. त्यात ती जागा बागेसाठी राखीव होती. तक्रार अर्जही त्यांनीच लिहिला. पण ते रहिवासी नव्हते, त्यामुळे सह्या आमच्या लागणार होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नकाशा घालून ते दारोदार फिरले. कोणी म्हणालं आम्ही भाडेकरू आहोत. कोणी म्हणालं आमच्या कंपनीच्या नियमात असल्या कागदांवर सही बसत नाही. एकाने नकाशा हातात घेऊन फार बारकाईने पाहिला, त्याच्या कागदाची तारीफ केली आणि परत दिला. नऊ सह्या झाल्या. माझी होती, बायकोने दोनदा माझ्याकडे पाहिल्यावर केलेली.

दहावी सही गोडबोल्यांची. हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. गवत बंद झाल्यापासून कुकीचं खाणंपिणं मंदावलं होतं आणि ती गॅलरीत तोंड फिरवून बसायची. गोडबोले स्वतः पेन घेऊन खाली आले. "ही सही मी कुकीसाठी करतोय, तुमच्यासाठी नाही."

"तिलाही तसंच सांगतो," काका म्हणाले.

अर्ज फायलींतून सरकत होता तोवर काका स्वस्थ बसले नाहीत. रोज सकाळी ते सहा कुत्र्यांसह सेल्स ऑफिसच्या दारासमोरून जात आणि शनिवारी गिऱ्हाइकं यायची तेव्हा तिथे जरा जास्त वेळ रेंगाळत. कुत्री पाहून मुलं थांबत, मुलांमुळे आईबाप थांबत, आणि मग कोणीतरी विचारी की इथे बाग आहे ना? काका बिल्डरचंच रंगीत पुस्तक पिशवीतून काढत. अत्यंत आदराने सांगत, ही बघा, आपण आत्ता उभे आहात तिथे कारंजं आहे. ऑफिसच्या मॅनेजरने त्यांना आत बोलावून चहा दिला आणि नव्या टॉवरवर हिरवळ सल्लागार म्हणून येण्याची विनंती केली. काकांनी चहा घेतला. बाकीच्याबद्दल म्हणाले, मी निवृत्त आहे.

दीड वर्ष लागलं. पत्रे निघाले, सेल्स ऑफिस उचलून दुसरीकडे गेलं, आणि आंब्याच्या झाडाभोवती खरोखरच बाग झाली. बाकं आली, घसरगुंडी आली. कारंजं मात्र आलं नाही. उद्घाटनाला मांडव पडला, भाषणं झाली, बिल्डरच्या दूरदृष्टीचे आभार मानले गेले, कमिटीचे मानले गेले, लाउडस्पीकरवाल्याचेही मानले गेले. गजभिये काका फाटकाबाहेर सहा पट्टे धरून उभे होते, कारण फाटकावर त्याच सकाळी पाटी लागली होती. कुत्र्यांना आत नेऊ नये.

मग मात्र आमची सोसायटी पेटली. नकाशाच्या वेळी दहा सह्या जमल्या होत्या. पाटीविरुद्ध अर्ध्या तासात सत्तर जमल्या. कागद घेऊन आम्ही काकांकडे गेलो. पुढाकार तुम्हीच घ्या म्हणालो. त्यांनी कागद वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि परत केला. त्यांनी सांगितलं की बागेत पोरं अनवाणी पळतात, लोळतात, पडलेला खाऊ तोंडात घालतात. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं बागेतून कुत्री बाहेर काढण्यात गेली होती आणि ते बरोबरच होतं.

मी म्हणालो, "मग काका, एवढी दीड वर्षं धडपड कशासाठी केलीत?"

"बागेसाठी," काका म्हणाले.

आम्हाला हे पटलं नाही. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की जुन्या पिढीत व्हिजन नसतं. काकांनी उद्यान खात्याकडे एकच अर्ज केला, बागेच्या भिंतीबाहेरची आठ-दहा फुटांची पट्टी कुत्र्यांसाठी मोकळी ठेवावी. ती मिळाली. तिथला राडारोडा त्यांनी स्वतः खुरप्याने आणि घमेल्याने काढला, हरळी लावली. कुकी पुन्हा गवत खाऊ लागली आणि काका पुन्हा तिला रागावू लागले. मला वाटलं, आता हे असंच चालणार.

मग साठ्यांचा मेसेज आला. साठे नवरा-बायको आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहत. मुलगा कॅनडात स्थिरावला होता, त्याच्याकडे कायमचे निघाले होते. ग्रुपवर त्यांनी यादी टाकली. सोफा सेट, डबल डोअर फ्रिज, ट्रेडमिल, लॅब्रॅडॉर (वय बारा, स्वभाव शांत). सर्व उत्तम स्थितीत. इच्छुकांनी संपर्क साधावा.

ट्रेडमिल तासाभरात गेली. दुपारी फ्रिज गेला. लॅब्रॅडॉरला बावीस लाल बदाम आले, म्हणजे मेसेजखाली टाकतात ते हृदयाचे. त्यातला एक माझा होता.

रॉकी त्याचं नाव. साठे त्याला स्वतः फिरवत, म्हणून तो काकांच्या सहांत नव्हता. गेलं वर्षभर तो मागचे पाय ओढत चालायचा, आणि फक्त लिफ्टपर्यंत जाऊन परत यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना मेसेज वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला. मग सहाही पट्टे माझ्या हातात दिले, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, आणि वर गेले.

वीस मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं. काकांच्या एका हातात स्टीलचं भांडं आणि जुनी सतरंजी होती, दुसऱ्या हाताने ते रॉकीला आधार देत होते. मागे साठेकाकू डोळे पुसत आल्या. अधूनमधून फोटो पाठवत जा, म्हणाल्या. काकांनी सांगितलं की त्यांच्या फोनला कॅमेरा नाही, आठवण आली तर घरी यावं. काकू म्हणाल्या, इतक्या लांबून कसं येणार. काका म्हणाले, "हो. त्यांनाही तिकडे येणं जमलं नसतं."

येरवड्यातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. मी एकदा गेलो होतो, तेव्हा पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली रॉकी सतरंजीवर पसरला होता आणि काकांच्या पत्नी, सुमनताई, त्याला ओलांडून माझ्यासाठी पोहे आणत होत्या. हे असंच असतं, बागेतलं सगळं आजारी हे घरी आणतात, म्हणाल्या. आधी कुंड्या आणायचे. तक्रार नव्हती ती. रॉकीला दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, आणि तो एकट्या सुमनताईंना उचलत नसे. म्हणून महिन्याभरात काकांनी आमच्याकडचं काम सोडलं. प्रत्येकाच्या दारी जाऊन पट्टा हातात दिला. मला म्हणाले, पाटणकर डाव्या बाजूने चालतात, रस्त्याकडे तुम्ही राहा. फाटकापर्यंत सोडायला मी गेलो नाही, माझा कॉल चालू होता.

आता आमच्याकडे अ‍ॅपवरून मुलं येतात, निळ्या टी-शर्टातली, रोज वेगळी. फिरवून झालं की फोनवर अहवाल येतो. अंतर, वेळ, पावलं आणि शेवटी कुत्र्याची मनःस्थिती. ब्रूनोची मनःस्थिती रोज आनंदी असते. ज्या दिवशी कोणी आलंच नव्हतं, त्या दिवशीही आनंदी होती.

काका मला शेवटचे दिसले ते एका सकाळी नऊच्या सुमाराला. कॅबने स्टेशनला निघालो होतो, येरवड्याच्या चौकात सिग्नलला थांबलो. आमच्या पुढे पाच-सहा गाड्या, मागे बसची रांग. काका रॉकीला घेऊन रस्ता ओलांडत होते. कुत्र्याच्या पोटाखालून एक टॉवेल घातलेला, त्याची दोन्ही टोकं मुठीत धरून ते त्याचं मागचं शरीर अलगद उचलून धरत होते आणि कमरेत वाकून एकेक पाऊल त्याच्या चालीने टाकत होते. पुढचे दोन पाय रॉकीचे, मागचे दोन काकांचे, असे ते चालले होते. मध्येच रॉकी थांबला. काकाही थांबले. त्यांनी वाकून त्याला काहीतरी सांगितलं. काच वर होती, ऐकू आलं नाही.

सिग्नल हिरवा झाला. पहिल्या गाडीवाल्याने इंजिन चालू केलं, पण गाडी हलली नाही. आमच्या ड्रायव्हरचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच राहिला. मी काच खाली करायला लागलो, तर माझा फोन वाजला, ऑफिसचा होता. मी तो घेतला नाही, काचही अर्धीच उतरली. काकांनी एकदाही मान वर करून गाड्यांकडे पाहिलं नाही. रॉकीने श्वास घेतला आणि पुढचा पाय उचलला, मग काकांनी त्यांचा उचलला.

ते फुटपाथला लागेपर्यंत सिग्नल पुन्हा लाल झाला होता.